मिलोला वरणभात का पुरला नाही

गेल्या गणपतीत मंडळात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, आणि परवा साताऱ्याहून मावसबहिणीचा फोनही त्यासाठीच आला. "तुमचा कुत्रा शाकाहारी आहे म्हणे? आणि ठणठणीत आहे?" दोन्ही खरं आहे. पण एवढंच सांगून फोन ठेवला असता तर तिने दुसऱ्या दिवसापासून तिच्या कुत्र्याला वरणभातावर ठेवलं असतं. मीही तेच केलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिलो आमच्याकडे २०२१च्या मे महिन्यात आला. आम्ही राहतो रेडिंगला, लंडनच्या पश्चिमेला. थेम्सच्या काठाने चालायला चांगली वाट आहे, आणि आमच्या लेकीने दोन वर्षं कुत्र्यासाठी हट्ट धरला होता. रेस्क्यू सेंटरमधून आणला तेव्हा मिलो चार वर्षांचा होता. लॅब्राडॉरचा संकर, २८ किलो, काळाभोर, एका कानाचं टोक दुमडलेलं. सोबत त्याच्या सवयीच्या खाण्याची पिशवी दिली होती, कोंबडीच्या मांसाचे कोरडे दाणे. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. पिशवी उघडली, तो वास स्वयंपाकघरभर पसरला आणि मला देव्हाऱ्याकडे बघवेना. नवऱ्याने पिशवी मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. मी मनाशी ठरवलं, ही संपली की मिलो आपलंच जेवेल.

माहेरी दारातल्या कुत्र्याला भाकरी आणि ताक घातलेलं मी लहानपणापासून पाहिलं होतं. धनगरांची कुत्री भाकरीवर कळप राखतात. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आजीने किती वेळा सांगितली असेल. कुत्रा आणि भाकरी ही जोडी आपल्याकडे इतकी जुनी आहे की त्यात काही कमी पडत असेल अशी शंकाही मला आली नाही. गावातला आमचा कुत्रा दिवसभर मोकळा असायचा. उंदीर, घुशी, उकिरड्यावरची हाडं, चार घरं सोडून रविवारी शिजणाऱ्या मटणाचं उरलंसुरलं, सगळं त्याच्या पोटात जायचं. आम्ही भाकरी घालत होतो म्हणून तो आम्हाला शाकाहारी वाटायचा, इतकंच. मिलो मात्र पट्ट्याशिवाय बाहेर पडत नाही. त्याच्या पोटात जे जाईल ते माझ्याच हातून जाणार होतं.

आठ आठवडे मी त्याला मनापासून रांधून घातलं. कांदा-लसूण नाही, मिरची नाही. दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम तुरीची डाळ, १०० ग्रॅम दही, चार चमचे साजूक तूप, वर थोडं गाजर. ताटली चाटूनपुसून स्वच्छ करायचा. सहाव्या आठवड्यात अंगावरची चकाकी गेली. आठव्या आठवड्यात तोंडाच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे दिसले आणि वजन दोन किलोने उतरलं.

मी मिलोला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई शांतपणे सगळं ऐकून घेत होत्या. "काय घालता ते ग्रॅममध्ये सांगा," म्हणाल्या, आणि कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे मी घालत होते ते, दुसरीकडे त्याला लागतं ते. युरोपातल्या पशुखाद्य उत्पादकांची फेडियाफ नावाची संघटना आहे, तिची कोष्टकं इथे प्रमाण मानतात. त्यांच्या हिशेबाने मिलोएवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ११५० कॅलरी लागतात. माझं जेवण त्याच्या जवळपास होतं. प्रथिनं किमान ६० ग्रॅम हवीत, माझी भरली ३६. आणि कॅल्शियम? लागतं सुमारे १६०० मिलिग्रॅम. माझ्या ताटलीत दोनशे-सव्वादोनशेच्या पुढे जात नव्हतं. इथे मोठ्या माणसाला दिवसाला ७०० मिलिग्रॅम पुरतं असं सांगतात. माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीच्या जनावराला माझ्या दुपटीहून जास्त कॅल्शियम लागतं हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय डाळीतलं फायटेट नावाचं द्रव्य जस्त आणि कॅल्शियम बांधून ठेवतं. तोंडाजवळचे पापुद्रे बहुधा जस्ताच्या कमतरतेचे, असं त्या म्हणाल्या.

"पण रक्ताचा रिपोर्ट तर चांगला आलाय, कॅल्शियम अगदी बरोबर," मी म्हटलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर घसरू देत नाही. खाण्यातून मिळालं नाही तर हाडांतून काढून रक्तात आणतं. रिपोर्ट चांगला येत राहतो आणि हाडं झिजत राहतात. घरी आल्यावर मी बराच वेळ मिलोच्या पुढच्या पायांवरून हात फिरवत बसले होते.

ब्रिटिश व्हेटरिनरी असोसिएशनचा, म्हणजे इथल्या पशुवैद्यांच्या संघटनेचा, तेव्हा कुत्र्यांच्या मांसविरहित आहाराला विरोध होता, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनीही नको म्हणून सांगितलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६चा प्राणी कल्याण कायदा आहे. पाळलेल्या जनावराला योग्य आहार देणं ही त्यात मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा मला एक गोष्ट जास्त लागली. शाकाहार हे माझं व्रत आहे. ते मिलोने घेतलेलं नाही. माझ्या व्रताची किंमत त्याच्या हाडांनी द्यावी हे मला मान्य नव्हतं. पुढची तीन वर्षं तो कोंबडीचे दाणेच खात होता. शेडमधून वाटी भरून आणायचं काम नवऱ्याने घेतलं, वाटी धुवायचं मी. वजन परत आलं, अंग पुन्हा चकाकलं.

त्या काळात सासूबाई सहा महिने आमच्याकडे राहून गेल्या. मिलोवर त्यांचा भारी जीव. "ड जीवनसत्त्व कशाला विकत आणायचं? पोर उन्हात लोळतंय की," त्या म्हणायच्या. मलाही आधी तसंच वाटायचं. पण आपल्या कातडीत उन्हाने जे घडतं ते कुत्र्याच्या कातडीत पुरेसं घडत नाही. त्याला ड जीवनसत्त्व खाण्यातूनच मिळावं लागतं, मग तो साताऱ्याच्या अंगणात लोळो की रेडिंगच्या.

त्याच मुक्कामात सत्यनारायण झाला. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे होते. आईंनी प्रेमाने मिलोला दोन चमचे भरवले आणि मला कौतुकाने सांगितलं. मी काय करते आहे हे त्यांना कळायच्या आत मी गाडीची किल्ली शोधत होते. द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बेदाणे बाधतील याचा भरवसा नसतो. रात्रीच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन त्याला ओकायला लावलं. पुढचे दोन दिवस सलाईन आणि रक्ताच्या तपासण्या. काही झालं नाही. आई मात्र दोन्ही दिवस जेवल्या नाहीत, देवापुढे बसून होत्या. मी त्यांना आधी सांगायला हवं होतं, चूक माझी होती.

देशातल्या सगळ्यांसाठी हे इथे ठासून लिहिते, कारण आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरातच या गोष्टी असतात. कांदा आणि लसूण, कच्चा, शिजवलेला किंवा फोडणीतला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. बेदाणे, मनुका, द्राक्षं नकोत. आणि चिंच! द्राक्षांत घातक ठरणारा पदार्थ टार्टारिक आम्ल असावा असं अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ पशुवैद्यांनी २०२२मध्ये मांडलं, ते क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पूड) आणि चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांवरूनच. उरलेली चिंचगुळाची आमटी भातावर ओतून कुत्र्यापुढे ठेवणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत.

मग आज मिलो शाकाहारी कसा? जुलै २०२४मध्ये त्याच ब्रिटिश व्हेटरिनरी असोसिएशनने आपली भूमिका बदलली. नीट काळजी घेतली तर कुत्र्याला वनस्पतीजन्य पण सर्व पोषक घटकांनी परिपूर्ण आहार देता येतो, असं त्यांनी म्हटलं. मांजरीला मात्र नाही. मांजरीला टॉरिन (मांसात असणारं एक अमिनो आम्ल), तयार अ जीवनसत्त्व, अ‍ॅराकिडॉनिक आम्ल (प्राणिज चरबीतलं एक मेदाम्ल) हे सगळं बाहेरून लागतं. कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी बसून कुत्र्याचं पोट बदललं आहे. भाकरी त्याला पचते हे आपल्या आज्यांचं निरीक्षण खरंच होतं. ती पुरते का, हा प्रश्न निराळा.

मी डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेले, या वेळी वही घेऊन. ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या हस्की कुत्र्यांना सोळा आठवडे मांसाविना ठेवलं होतं, २००९चा अभ्यास आहे. त्यांच्या रक्तात काही बिघाड झाला नाही. पण कुत्री मोजकी आणि दिवस थोडे. २०२२मध्ये अडीच हजारांवर कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मांसविरहित खाणारी कुत्री तब्येतीने मागे नव्हती. पण तिथे उत्तरं मालकांनी दिलेली. वरणभाताच्या पाचव्या आठवड्यात मला कोणी विचारलं असतं तर मीही "उत्तम आहे" असंच सांगितलं असतं. म्हणून अशा पाहणीवर मी एकटीने निर्णय घेतला नसता.

आम्ही घेतला तो निर्णय असा. घरचं शिजवलेलं नाही, तर पाकिटावर 'कम्प्लीट' असं छापलेलं तयार शाकाहारी खाणं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं असेल तर ते पूर्ण जेवण नव्हे, हा इथल्या नियमातला फरक आहे. मिलोच्या पाकिटात वाटाणा आणि डाळींबरोबर ओट्सही आहेत. अमेरिकेतल्या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१८मध्ये धान्यविरहित, कडधान्यं जास्त असलेल्या खाण्याचा आणि कुत्र्यांच्या हृदयाचा स्नायू सैल पडण्याचा संबंध तपासायला घेतला होता, आणि त्याचं नेमकं कारण अजून ठरलेलं नाही. म्हणून टॉरिन आणि शरीर ज्यापासून टॉरिन बनवतं ते मिथिओनिन वरून घातलेलं आहे ना, हे मी पाहते. ड जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेलं असतं, ते मला चालतं.

दर सहा महिन्यांनी वजन, रक्त आणि लघवी तपासतो. वनस्पतीजन्य खाण्याने लघवी अल्कधर्मी होऊ शकते आणि मग खडे धरतात. गेल्या हिवाळ्यात मिलोच्या लघवीचा पीएच (जितका जास्त तितकी लघवी अल्कधर्मी) साडेसातपर्यंत चढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले. सकाळी सहाला, अंधारात, हातमोजे घालून त्याच्यामागे डबी धरून उभी राहायची मी. दुसऱ्या प्रकारचं खाणं सुरू केलं, पाणी जास्त घालून भिजवून. आता साडेसहा असतो. नसता उतरला तर आम्ही शेडमधली पिशवी परत आणणार होतो. ती पिशवी कधीही आणायची तयारी माझी आजही आहे, आणि ती तयारी ज्यांची नाही त्यांनी कुत्र्याला शाकाहारी करू नये असं मला वाटतं.

सासूबाई आता पुण्यात आहेत. गुरुवारी, दत्ताच्या वारी, त्यांचा व्हिडिओ कॉल येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला. "त्याला पोळी दिलीस का गं?" दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपर्यंत वरचा खाऊ चालतो, एका अख्ख्या पोळीने तेवढं संपतं. म्हणून मी चतकोर मोडते, कोरडीच, फोनसमोर धरते. मिलो आईंचा आवाज ओळखतो. आधी फोनकडे बघतो, मग माझ्या हाताकडे.