घारापुरी: लेणी बघा, 'इको टूर' घेऊ नका

माणशी पंधराशे मोजले. कबूल काय केलं होतं? प्लास्टिकमुक्त सहल आणि 'गावातल्या बायकांच्या हातचं जेवण'. गेटवेला लाँचमध्ये पाय ठेवला नाही तोच प्रत्येकाच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली. जेवणही त्याच लाँचमधून आलं, थर्माकोलच्या डब्यांत. बेटावर एका टपरीवाल्या ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "डबे मुंबईशीच येतान. आमाला कोन इचारतं?" म्हणजे पंधराशेतले बेटावर उतरले ते लेण्यांच्या तिकिटाचे ४० रुपये आणि ग्रामपंचायतीचा किरकोळ कर. शुद्ध फसवणूक.

आता त्या पायऱ्या. शंभर-सव्वाशे असतील, गड चढणाऱ्यांना हसू येईल. पण दोन्ही बाजूंना दुकानं, डोक्यावर ताडपत्री, वारा म्हणून नाही. दोन दुकानांच्या फटीतून मागे डोकावून बघा: उतारभर बाटल्या, चिप्सची पाकिटं. १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या डोंगराची ही मागची बाजू! माझ्यादेखत एका माकडाने एका मुलीच्या हातातली बाटली हिसकावली, दातांनी भोक पाडलं, निम्मं पाणी प्यायलं आणि दिली भिरकावून खाली. ती उचलायला कोण उतरणार? आणि उचललीच, तरी बेटावरचा कचरा मुंबईला न्यायला पुन्हा होडीच लागते.

लेणी अप्रतिम, महेशमूर्तीबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहेच.

जाणार असाल तर साधी लाँच पकडा, सकाळची पहिली. मी गेलो तेव्हा येण्याजाण्याचं तिकीट तीनशेच्या आत होतं. सोमवारी लेणी बंद असतात. धक्क्यावरच्या छोट्या गाडीची गरज नाही, चाला. स्टीलची बाटली घ्या, पण हातात नको, पिशवीत. चढतानाच एखाद्या घरगुती खानावळीत जेवण सांगून ठेवा. उतरेपर्यंत तांदळाची भाकरी आणि मासे तयार. २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज आली, त्यामुळे थंड सरबतही मिळतं, काचेच्या ग्लासात मागा. पाय शाबूत असतील तर बेटावरच्याच राजबंदर गावाकडे चक्कर मारा, टूरवाले तिकडे फिरकत नाहीत.

परतीच्या शेवटच्या लाँचच्या भरवशावर राहू नका, धक्क्यावर झुंबड उडते. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे वेगळे मागतात. ते मात्र निमूट द्या, खाली डिझेलच्या धुराने जीव जातो.