मघाचं पहिलं चरण
उद्या लातूरला भाचीचं बारसं आन् नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, पण दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर अख्ख्या खानदानानं डोकं खाल्लं बगा. पोरीचा जन्म मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणातला, म्हणून नावाचं अक्षर निघालं 'मा'. वहिनीला मायरा पायजे, भाऊ मानसीवर अडलाय, आन् मला हवं होतं काहीतरी नाजूक, जरा रोमँटिक (हो, आत्यालाबी असतात हौसा). संध्याकाळी अंगणात गेले तर मधुमालतीची पांढरी फुलं नुकती उमलत होती, कालची गुलाबी, परवाची लालभडक, एकाच घोसात तिन्ही रंग. मालती! आई म्हणली, "अगं माय, हे तर माझ्या सासूबाईच्या काळातलं." असू दे की. वहिनीला अजून सांगितलं नाही, उद्या पाळण्यापाशी डायरेक्ट कानात कुर्रर्र.