गोहमा एकाच स्टनमध्ये: अकरा दिवसांची नोंद

वहीच्या पहिल्या पानावर मी एकच ओळ लिहिली होती: २ + २ + २ + २ + २ = १०. दहा म्हणजे ‘ऑकरिना ऑफ टाइम’मधल्या गोहमाची ताकद. पाच वेळा दोन म्हणजे मला घालायचे पाच घाव. ओळ लिहायला दहा सेकंद लागले. ती पडद्यावर उतरायला अकरा दिवस गेले, आणि त्यातले चार दिवस मी चुकीच्या ठिकाणी चूक शोधत होतो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. १९९८ चा निंटेंडो ६४ वरचा हा झेल्डा मालिकेतला गेम, त्यात आपण लिंक नावाच्या मुलाला चालवतो. पहिलं डंजन, म्हणजे शत्रू आणि कोड्यांनी भरलेली जागा, ग्रेट डेकू ट्री नावाच्या झाडाच्या पोटात, आणि तळाशी एका डोळ्याची ही चिलखती कोळीण. तिला मारणं अवघड नाहीच. डोळा लाल झाला की गलोल मारायची, ती लुळी पडते (हाच तो स्टन), तलवारीने झोडायचं. ती सावरते, भिंतीवरून छताला जाते, तीन अंडी टाकते, पिल्लं निपटायची, पुन्हा गलोल. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. मला ते एकाच फेरीत करायचं होतं. छतावर परत चढू द्यायचं नाही, एकही अंडं पडू द्यायचं नाही. हे सगळं तीन हार्टच्या रनसाठी चाललंय (हार्ट म्हणजे लिंकच्या जिवाचं माप, रन म्हणजे गेमची एक अख्खी खेळी), म्हणजे शेवटपर्यंत मिळणारं एकही जादा हार्ट घ्यायचं नाही.

दिवस १ ते ३

आधी हिशोब. कोकिरी तलवारीचा साधा वार १, जंप स्लॅश, म्हणजे उडी मारून केलेला वार, २. डेकू काठीचे आकडे याच्या दुप्पट, साधा वार २ आणि जंप स्लॅश ४. मग काठीच का नाही? काठी मोडते, आणि मला हा हात पुढच्या डंजनांतही वापरायचाय, तिथे प्रत्येक वेळी काठ्या मोजत बसायचं नाही. म्हणून तलवारच.

साध्या वारांनी दहा घाव लागतात, आणि तेवढा वेळ ती पडून राहत नाही. जंप स्लॅश दुप्पट लागतो, पण दर उडीनंतर लिंकला सावरायला वेळ जातो. इथे जुन्या खेळाडूंची ती प्रसिद्ध चोरवाट कामाला येते. ढाल धरून खाली बसायचं आणि बी बटण दाबायचं. लिंक बसल्या बसल्या तलवार पुढे भोसकतो. या भोसकण्याला स्वतःचा आकडाच नाही. त्याआधी तुम्ही जो वार केला असेल त्याचाच आकडा ते उचलतं. म्हणजे आधी एक जंप स्लॅश घातला की पुढचं प्रत्येक भोसकणं दोनचं, आणि वेग तर साध्या वारापेक्षाही जास्त. एक उडी, चार भोसके, दहा पूर्ण.

कागदावर इतकं सरळ दिसणारं काहीही हातात कंट्रोलर आला की वाकडं होतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

तीन दिवस फक्त रस्ता बसवण्यात गेले. तिसऱ्या मजल्यावरून उडी मारून तळमजल्याचं जाळं फाडायचं, खाली पेटत्या काठीने दुसरं जाळं जाळायचं, मग ते तीन डेकू स्क्रब (झुडपात लपून मारा करणारे छोटे शत्रू) २-३-१ या क्रमाने हरवायचे. यातल्या एकाही दाराला किल्ली लागत नाही, बॉसच्याही नाही. पुढच्या डंजनांनी किल्ल्यांसाठी जे नाचवलंय ते आठवलं की या झाडाबद्दल माया वाटते.

दिवस ४

आज प्रत्यक्ष गोहमा. आत शिरलं की खोली अंधारी आणि रिकामी. ती छताला चिकटलेली असते आणि तुम्ही मान वर करून तिच्याकडे बघेपर्यंत लढाई सुरूच होत नाही. पहिल्यांदा खेळलो होतो तेव्हा मी या खोलीत खांबांभोवती चकरा मारत बसलो होतो, गेम अडकला असं समजून.

खरं तर झाडाने आधीच सगळं शिकवलेलं असतं. तळघरातल्या एका खोलीत छताला अंडी लटकलेली असतात, जवळ गेलात की टपकतात आणि फुटून तीच एकडोळी पिल्लं बाहेर येतात. वेलींवरचे कोळी गलोलीने पाडायला लागतात, म्हणजे मान वर करायची सवय लावून घेतात. आणि शेवटचा स्क्रब तर हरल्यावर राणीचं, म्हणजे गोहमाचं, गुपितच फोडतो, ती लुळी पडली की तलवार चालव म्हणून. इतकं सांगूनही मी चकरा मारत होतो, हा दोष गेमचा नाही.

हिचं मूळ मात्र फार मागे आहे. १९८६ च्या पहिल्या झेल्डात गोहमा खेकड्यासारखी होती, आणि उघड्या डोळ्यात बाण बसल्याशिवाय तिला काही होत नसे. डोळा उघडण्याची वाट बघायची ही अट तेव्हापासूनची. तिसरं परिमाण मिळाल्यावर तिला छतावर नेऊन बसवलं, एवढाच मोठा बदल, आणि तो बदल मला आजही फार हुशारीचा वाटतो. सपाट पडद्यावर खेळत आलेल्या माणसाला ‘वर’ नावाची दिशा असते हे पहिल्या बॉसनेच सांगायचं.

आजचे प्रयत्न १४, यश शून्य. सहा वेळा गलोल घाईत मारली. डोळा लाल व्हायच्या आधी मारलेला डेकूचा दाणा नुसता आपटून पडतो.

दिवस ५

खेळलो नाही. अंगठा दुखत होता.

दिवस ६ ते ९

हे चार दिवस वहीत वाचवत नाहीत. गलोल जमायला लागली होती. झेड दाबून लक्ष्य धरलं की नेम आपोआप लागतो, डोळा लाल झाला की सोडायचं, बस. जवळ असलं तर डेकू नटही चालतो, फेकला की ती जागेवर थिजते. मी शेवटी गलोलच ठेवली, कारण नटसाठी फारच जवळ जावं लागतं आणि तीनच हार्ट असताना मला तिच्या पायांशी लगट नको.

अडचण त्यानंतरची. ती पडायची, मी धावत जायचो, जंप स्लॅश डोळ्यावर बसायचा. मग आर (ढालीचं बटण) दाबून बी, बी, बी, बी. आणि ती उठून भिंतीवर चढायची. दर वेळी. सहाव्या दिवशी मला वाटलं माझं बोट मंद आहे. सातव्या दिवशी वाटलं मी उशिरा पोचतोय, म्हणून धावण्याऐवजी लोळण घेत जायला लागलो. आठव्या दिवशी आकड्यांवरच शंका घेतली आणि वहीतली पहिली ओळ खोडली. (नंतर पुन्हा लिहिली, म्हणून ती आता दोनदा आहे.)

हा गेम मूळ यंत्रावर सेकंदाला २० फ्रेमनी चालतो. म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा विसावा भाग. ‘माझे हात हळू आहेत’ हे कारण इतक्या निवांत गेमपुढे टिकत नाही, हे नवव्या रात्री मान्य केलं आणि मग एक साधी गोष्ट केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. फोन समोर उभा करून पडदा चित्रित केला आणि हळू गतीने पाहिला.

जंप स्लॅशनंतर लिंक खाली बसतच नव्हता.

तो ढाल छातीशी धरून उभा होता. लक्ष्य धरलेलं असताना आर दाबला तर लिंक उभ्यानेच ढाल धरतो, बसण्यासाठी आधी लक्ष्य सुटावं लागतं. आणि उभा असताना बी दाबलं की निघतो तो साधा वार. तो एकचा. म्हणजे मी घाव घालत होतो, पण निम्म्या जोराचे. त्याहून वाईट, पहिल्याच साध्या वाराने उडीचा साठवलेला दोन पुसला जात होता, त्यामुळे पुढे कधी चुकून बसलो असतो तरी भोसकणं एकचंच झालं असतं. दोन अधिक चार वेळा एक, सहा. चार उरायचे आणि ती छतावर.

पण मी तर झेड सोडत होतो! बोटाला नक्की आठवत होतं. चित्रणात मात्र लक्ष्याची खूण डोळ्यावर तशीच चिकटलेली.

दिवस १०

सापडलं. फाईल निवडायच्या पडद्यावर ऑप्शन्समध्ये झेड टार्गेटिंगची एक सेटिंग असते, स्विच आणि होल्ड. स्विचमध्ये झेड एकदा दाबला की लक्ष्य पकडलं जातं आणि पुन्हा दाबेपर्यंत सुटत नाही. होल्डमध्ये बोट उचललं की सुटतं. मी वर्षानुवर्षं स्विचवर खेळतोय, कारण बोट कमी शिणतं, आणि वर्षानुवर्षं त्याने काहीच बिघडलं नाही, कारण मी कधी लक्ष्यातून बाहेर येऊन लगेच बसण्याचा प्रयत्नच केला नव्हता.

होल्ड केलं. मग बोटांना नवं वळण लावणं आलं. मूळ कंट्रोलरवर झेड मधल्या दांड्याच्या पोटाला आहे, डाव्या तर्जनीखाली. क्रम असा बसवला: झेड धरून ए, उडी, तलवार डोळ्यात. लिंकचे पाय टेकताच झेड सोड, आर धर, स्टिकवरचा अंगठा उचल. हा अंगठा महत्त्वाचा. बसलेला असताना स्टिक हलली की लिंक ढाल तिरकी करतो, आणि माझं भोसकणं बाजूने निसटतं. अंगठा हवेत ठेवून खेळणं किती विचित्र वाटतं ते करून बघा.

गोहमाला हात न लावता, आधी वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या भिंतीपुढे नुसता क्रम घोटला. उडी, सोड, बस, भोसक. गोहमाकडे गेलो तेव्हा २२ प्रयत्नांत सर्वांत चांगला म्हणजे चार घाव, आठ. पाचव्याला ती उठली. कारण उडी मारायला मी थोडा लांब थांबत होतो.

दिवस ११

तिसऱ्या प्रयत्नाला. मी नेहमीसारखा गलोल मारून धावलो, पण या वेळी अर्ध्या पावलाने जास्त जवळ गेलो. उडी बसली. बोट सुटलं, लिंक बसला, आणि ते ऐकू आलं, चार भोसक्यांचा तो एकसारखा टकटक आवाज. चौथ्याला ती आखडली. मला आधी कळलंच नाही, मी पाचव्यांदा बी दाबलं होतं.

एकही अंडं नाही. तीनही हार्ट भरलेली.

यश पक्कं आहे का हे बघायला पुन्हा सेव्ह उघडून नऊ वेळा केलं. नवातून पाच. चुकलेल्या चारांपैकी तीन अंगठ्याचे, एक घाईने मारलेली गलोल. दहापैकी आठ होईपर्यंत रन सुरू करणार नाही असं ठरवलंय, कारण पुढे डोडोंगोच्या गुहेत, म्हणजे दुसऱ्या डंजनातही, हेच बसणं-भोसकणं लागणार आहे आणि तिथे चुकलं तर भाजून निघायला होतं.

स्विचवर खेळणाऱ्यांनी एकदा सेटिंग उघडून बघा, एवढंच. काठी वापरून एका स्टनमध्ये कोणी नियमित करत असेल तर काठी मोडल्यावर पुढचे घाव कसे लावता ते मला हवंय. माझा तो हिशोब अजून कच्चा आहे.

पाचही यशांत तिची राख झाल्यावर खोलीच्या मधोमध निळा प्रकाश उगवला आणि शेजारी ते हार्ट कंटेनर, म्हणजे जादा हार्ट देणारी वस्तू, तरंगत राहिलं. पाचही वेळा त्याला वळसा घालून प्रकाशात शिरलो. शेवटच्या वेळी वळसा जरा जास्तच मोठा घेतला. सवयीने पाय तिकडेच वळत होते.