आमची वाटचाल : जांबोटीजवळचे कौलारू घर आणि त्याची जाहिरात

सात वर्षांपूर्वी, सासऱ्यांच्या मागे बंद पडलेले जांबोटीजवळचे घर पाहुण्यांसाठी खुले करायचे ठरले, तेव्हा घर नीट केले की पाहुणे येतीलच, असा आम्हा दोघांचा समज होता. चिऱ्याच्या भिंतींना गिलावा, दोन नवी न्हाणीघरे आणि इन्व्हर्टर यांत जवळची सगळी पुंजी घातली. जाहिरात मात्र एका संध्याकाळी, चहा निवेपर्यंत उरकली. मे महिन्यातल्या भर दुपारी मोबाइलवर काढलेले फोटो आणि वर ‘निसर्गाच्या कुशीत सुंदर घर’ हे शीर्षक. पहिल्या तीन महिन्यांत चार आरक्षणे झाली. त्यांतली दोन नात्यातली होती.

पहिला धडा नावाचा होता. पुण्याहून निघालेल्या एका कुटुंबाचा फोन आला, “आम्ही विट्याला पोहोचलो, आता पुढे कसे यायचे?” जाहिरातीत आम्ही नुसते ‘खानापूर तालुका’ लिहिले होते आणि त्यांनी सांगली जिल्ह्यातले खानापूर धरले होते. ती मंडळी रात्री साडेदहाला पोहोचली; जाऊबाईंनी पुन्हा चूल पेटवली. दुसऱ्याच दिवशी ‘खानापूर, जिल्हा बेळगाव, कर्नाटक’ अशी दुरुस्ती झाली. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले असले, तरी मराठी माणूस ‘बेळगाव’च शोधतो, बेंगळुरू-हुबळीकडचा ‘बेळगावी’ शोधतो आणि गोव्याहून येणाऱ्याच्या डोक्यात वाटेवरचा चोर्ला घाट असतो. म्हणून वर्णनात ही तिन्ही नावे सहज येतील अशी वाक्ये लिहिली. मजकूर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत दिला. कन्नड मजकूर शेजारच्या निवृत्त गुरुजींनी लिहून दिला, कारण यंत्राने केलेले कन्नड भाषांतर वाचून ते बराच वेळ हसत बसले होते.

एअरबीएनबी या घरे-खोल्या मुक्कामासाठी देण्याच्या संकेतस्थळावर शीर्षकाला ५० अक्षरांचीच मुभा असते, त्यामुळे ‘निसर्ग’, ‘कुशी’ आणि ‘सुंदर’ या शब्दांना रजा द्यावी लागली. तिथे आता ‘चोर्ला रस्त्यालगत चिऱ्याचे जुने घर, ८ जणांसाठी’ असे आहे. ते वाचायला रुक्ष वाटते, हे मला मान्य आहे. पण शोधणाऱ्याला जागा, घराचा प्रकार आणि माणसांची संख्या एका नजरेत कळते.

फोटोंवर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. आमच्या पडवीत नोव्हेंबरमध्ये सकाळी साडेसातच्या सुमारास कोवळे ऊन शिरते आणि शेणाने सारवलेली जमीन, लाकडी खांब आणि भिंतीतला दिव्याचा कोनाडा हे सारे त्या अर्ध्या तासात उठून दिसते. ती वेळ सापडायला तीन दिवस गेले. फोटो आडवे घेतले, दारे-खिडक्या उघडल्या, दोरीवरचे कपडे आणि प्लास्टिकच्या बादल्या हलवल्या. खोल्या ऐसपैस दाखवणारी रुंद भिंगाची सोय मात्र मुद्दाम टाळली. खोली दहा बाय बाराची असेल, तर ती तेवढीच दिसावी. पूर्वीच्या जाहिरातीत वज्रपोहा धबधब्याचा फोटो पहिला होता. तो पाहून एका पाहुण्याने, धबधबा परसात आहे का, असे विचारले. तोही काढून टाकला.

पुढचा बदल एका वहीमुळे झाला. आरक्षणाआधी येणाऱ्या फोनमधला प्रत्येक प्रश्न तारखेसह लिहून ठेवायला मी सुरुवात केली. गाडी दारापर्यंत येते का, पायऱ्या किती, गरम पाणी कसे मिळते, रेंज आहे का, हेच प्रश्न फिरून फिरून येत होते. त्यांची उत्तरे जशीच्या तशी वर्णनात गेली : पायऱ्या सात आहेत, पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, गीझर चालत नाही, पण बंबाचे पाणी मिळते, रेंज घरात नाही, परसातल्या फणसाखाली आहे. माजघराचा दरवाजा सव्वापाच फुटांचा असल्याने पहिल्या वर्षी बऱ्याच जणांची डोकी आपटली. त्या चौकटीचाच फोटो घेऊन खाली ‘येथे वाकूनच आत यावे’ असे लिहिले, तेव्हापासून पाहुणे चौकटीपाशी थांबून स्वतःचे फोटो काढू लागले.

उणिवा अशा उघड लिहू नयेत, असे माझ्या यजमानांचे मत होते आणि त्यावरून घरात वादही झाले. माझा हिशेब साधा होता. एअरबीएनबीवर ‘सुपरहोस्ट’, म्हणजे उत्तम यजमान, म्हणून टिकण्यासाठी पाहुण्यांकडून पाचपैकी सरासरी ४.८ गुण लागतात आणि गुण कापले जातात ते बहुधा घर जुने असल्यामुळे नव्हे, तर न सांगितलेली गोष्ट पुढ्यात आल्यामुळे. रेंजचे वाक्य घातल्यावर लॅपटॉप घेऊन काम करायला येणारी मंडळी कमी झाली, हे खरे. त्यांच्या जागी दोन-तीन दिवस निवांत राहणारी कुटुंबे येऊ लागली. जेवणाबाबतही ‘घरगुती जेवण’ एवढेच न लिहिता तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि बेळगावी बासमतीचा भात असे पदार्थ नावानिशी लिहिले. आता आरक्षणाच्या निरोपातच आमटीची मागणी येते.

यंदा पावसाआधी मागच्या बाजूची कौले बदलली. जाहिरातीतल्या फोटोत अजून जुनी, शेवाळलेली कौले दिसतात आणि नवी फारच लालभडक आहेत. दसऱ्यानंतर ऊन स्वच्छ पडले की तो फोटो पुन्हा काढायचा आहे. तोवर त्याखाली ‘कौले आता नवी आहेत’ एवढी ओळ घातली आहे.