तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टरांना दाखवायला आलो, मग आधी सिस्टरकडे का?

"आम्ही डॉक्टरांना दाखवायला आलोय, तुम्ही आधी सिस्टरकडे का बसवता?" नवी मुंबईतल्या ज्या नागरी आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून काम करते, तिथे हा प्रश्न जवळजवळ रोज कानावर येतो. कोणी वैतागून विचारतं, कोणी काकुळतीला येऊन. लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही विचारतात, "सगळं सिस्टरच बघणार असतील तर तू काय करतेस?" प्रश्न रास्त आहे, आणि ओपीडीच्या घाईत त्याचं उत्तर कधी पुरतं देता येत नाही. म्हणून इथे देते.

शहरी आरोग्य अभियान 2013 साली सुरू झालं. त्याच्या हिशोबानं साधारण 50,000 लोकवस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र असतं. तिथे डॉक्टर एखाद-दोन, सोबत स्टाफ नर्स, एएनएम म्हणजे साहाय्यक परिचारिका, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन आणि वस्तीत फिरणाऱ्या आशाताई. माणसं कमी असली तरी प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, हात वेगळा. पण जुन्या रीतीत या सगळ्यांचा उपयोग रांग सांभाळायलाच व्हायचा. केसपेपर काढा आणि डॉक्टरांच्या दाराबाहेर उभे राहा. त्या एकाच रांगेत तापानं फणफणलेलं बाळ, बीपीच्या गोळ्या संपलेले आजोबा, पायाचं ड्रेसिंग बदलायला आलेला डिलिव्हरीवाला मुलगा, सहावा महिना लागलेली बाई. आणि सकाळपासून छातीत जळजळतंय, अ‍ॅसिडिटी असेल म्हणून शांतपणे उभा असलेला रिक्षावाला. खरी काळजी त्याची. पण त्याचा नंबर येईपर्यंत मला तो तिथे आहे हेच माहीत नसायचं.

जगभरातल्या 67 देशांत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद. आपल्याकडचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत गोळ्या लिहून होतात. बाई गप्प का बसलीय, हे विचारायचं राहून जातं.

म्हणून आम्ही बसायची व्यवस्थाच बदलली. केसपेपरच्या खिडकीला लागूनच स्टाफ नर्सचं टेबल ठेवलं. काय होतंय, कधीपासून, हे नवं दुखणं आहे की जुनंच, एवढं सिस्टर विचारतात. बीपी, नाडी, ताप, वजन बघतात, गरज असेल तर बोटातून शुगर. छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, गरोदरपणात रक्त जाणं, बाळ दूध ओढत नसणं, यातलं काहीही दिसलं तर रांग बाजूला ठेवून तो माणूस थेट माझ्याकडे येतो आणि 108 ला फोन लागतो. बीपी आटोक्यात आहे, फक्त गोळ्या संपल्यात, तर ठरलेल्या लेखी पद्धतीनं पुढच्या महिन्याच्या गोळ्या मिळतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीसाठी बेडक्याची तपासणी लगेच सुरू होते, त्यासाठी माझी सही होईपर्यंत थांबावं लागत नाही. आणि जे नवं आहे, जे कळत नाही, जे बिघडत चाललंय, ते सगळं माझ्याकडे.

यातून काय साधतं ते एका मावशींच्या गोष्टीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. मावशी तुर्भ्याच्या बाजूला राहतात, बाजारात कांदा-लसूण निवडण्याचं काम करतात. बऱ्याच वर्षांचा डायबिटीस, इन्सुलिन चालू. शुगर कधी 300 च्या वर, कधी एकदम खाली जाऊन घाम फुटायचा. जिथे जिथे दाखवलं तिथे डोस वाढवून मिळाला, आणि समोर फक्त रिपोर्ट असेल तर कोणताही डॉक्टर तेच करेल. आमच्या सिस्टरनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, सुई कुठे टोचता ते दाखवा बरं." मावशींनी पदर सारून बेंबीच्या डावीकडची जागा दाखवली. रोज तिथेच, कारण तिथे दुखत नाही. दुखत नव्हतं, कारण एकाच ठिकाणी टोचून टोचून तिथली चरबी जाड, फुगीर झाली होती. अशा जागेतून इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही. कधी साचून राहतं, कधी एकदम उतरतं. सिस्टरनी पुढे विचारलं, बाटली कुठे ठेवता? घरात फ्रिज नाही, बाटली गॅसच्या वरच्या फळीवर. उष्णतेनं औषध खराब होतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग सिस्टरनी पोटाचे चार भाग आणि मांड्या दाखवून जागा बदलत राहायला शिकवलं, बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून गार मडक्यात ठेवायला सांगितलं. त्यानंतर मावशी माझ्यासमोर आल्या. नव्या जागेतून औषध पूर्ण लागू पडणार, म्हणजे जुन्या डोसनं शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस किती उतरवायचा आणि किती दिवसांनी तपासायचं, ते मी ठरवलं. पुढचे काही दिवस आशाताई त्यांच्या घरी डोकावत राहिल्या. यातलं सिस्टरचं काम मला जमलं नसतं असं नाही, पण तेवढा वेळ माझ्याकडे नसतो. आणि खरं सांगायचं तर माझ्यासमोर पदर सारायला मावशींनाही अवघडलं असतं. तसंच, डोस ठरवणं हे सिस्टरच्या गळ्यात टाकणं चुकीचं झालं असतं.

हे परदेशातलं खूळ आहे असं काहींना वाटतं. त्यांनी आपल्याच राज्यातल्या जामखेडकडे बघावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलचा अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा जाहीरनामा त्यानंतर, 1978 मध्ये आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत आरोग्यदूत तयार केले. न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला घरातच औषध आणि इंजेक्शन देणाऱ्या या गावच्याच बायका. तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले आणि तो अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आपल्या राज्यातून पहिल्यांदा सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे घेतले, तेव्हाही ठरलेली औषधं आणि नर्सच्या हातात पाठपुरावा हाच त्याचा कणा होता. केरळनं 2017 च्या 'आर्द्रम' या सरकारी आरोग्य अभियानात डॉक्टरांच्या आधी नर्सची तपासणी हा प्राथमिक केंद्रांच्या कामाचा भागच करून टाकला.

आता तुमच्या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न. एका काकांनी तो तोंडावर विचारला होता: "म्हणजे पैसेवाल्याला एमडी आणि आम्हाला नर्स?" या प्रश्नापुढे मी कधीच हसत नाही. कारण डॉक्टरचा पगार वाचवायला कमी शिकलेला माणूस बसवणं, हे होऊ शकतं आणि होतंही. इंग्लंडमध्ये 2019 पासून फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, लोकांना योग्य मदतीपर्यंत नेणारे कार्यकर्ते, अशांच्या पगारासाठी सरकारनं पैसे दिले. त्यातलं बरंच उपयोगी ठरलं. पण त्याच व्यवस्थेत डॉक्टर नसलेले 'फिजिशियन असोसिएट' निदान न झालेल्या रुग्णांना तपासू लागले, आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. जुलै 2025 मध्ये प्राध्यापक जिलियन लेंग यांच्या अहवालानं सांगितलं की त्यांचं नाव बदलून 'असिस्टंट' करा, आणि आखून दिलेल्या चौकटीबाहेर, निदान न झालेला रुग्ण त्यांनी पहिल्यांदा तपासू नये. माझंही ठाम मत हेच आहे. काय झालंय हे माहीत असेल तेव्हा त्या कामात ज्याचा हात बसलाय त्याच्याकडे जा. काय झालंय हेच माहीत नसेल तर डॉक्टर. आमच्या सिस्टर निदान करत नाहीत. कुठे थांबायचं आणि कधी हाक मारायची हे त्यांना पक्कं माहीत असतं, आणि ते सोपं कौशल्य नाही.

लोकांच्या मनातली धास्ती मला समजते. सरकारी कचेऱ्यांनी आपल्याला एक धडा घालून दिलाय: "इथे नाही, त्या खिडकीवर जा" याचा अर्थ "आम्हाला तुमचं काम करायचं नाही". म्हणून कोणाला दुसरीकडे पाठवायचं तर आम्ही काही गोष्टी कटाक्षानं पाळतो. पुढच्या माणसाला काय झालंय ते आमच्याकडून आधीच कळलेलं असतं, तुम्हाला तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. पाठवणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर असतं. आणि तिथे काम झालं नाही तर तुम्ही परत आमच्याकडेच येता, नव्यानं रांग न लावता. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. मोठ्या रुग्णालयात गेलेला माणूस पोचला का, तिथे काय झालं, हे आजही बहुतेक वेळा आशाताईंच्या फोनवरूनच कळतं.

आशाताईंचा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगते. टीम म्हणायचं, निम्मं काम त्यांच्या पायांवर टाकायचं आणि हातात मानधन ठेवायचं, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही, हे मला पटत नाही. 2024 च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशाताई आझाद मैदानावर आंदोलनाला बसल्या होत्या. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरणं, बीपी-शुगरच्या तपासणीला घेऊन येणं, टीबीच्या रुग्णाच्या गोळ्या चालू आहेत ना ते बघणं, गरोदर बाईला दर महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीला आणणं, हे सगळं त्या करतात. काम वाटून द्यायचं असेल तर अधिकार आणि पैसाही वाटून द्यायला हवा. नाहीतर हे सगळं डॉक्टरचं ओझं बाईच्या डोक्यावर ठेवणंच ठरेल.

आणि ज्यांना वाटतं की हा प्रश्न फक्त वस्तीतल्या लोकांचा आहे, त्यांच्यासाठी. पाम बीच रोडच्या नाहीतर घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहणारी माझी मित्रमंडळी डोकं दुखलं की थेट न्यूरोलॉजिस्टकडे जातात, कंबर दुखली की आधी एमआरआय काढून मग फोन करतात. चाळिशीनंतरच्या मणक्याचा एमआरआय काढला की बहुतेक वेळा काही ना काही दिसतंच, आणि "गादी सरकलीय" हे शब्द माणसाच्या मनात घर करून बसतात. बहुतेक कंबरदुखी हालचाल आणि व्यायामानं काही आठवड्यांत उतरते. कोपरखैरण्यातल्या माथाडी कामगारालाही आणि आयटीत बसून काम करणाऱ्यालाही त्यासाठी चांगला फिजिओथेरपिस्ट लागतो. पण पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, जांघेत बधिरपणा असेल, सोबत ताप किंवा वजन घटत असेल, तर एक दिवसही थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. हे चार प्रश्न आधी कोणीतरी विचारायला हवेत. वस्तीत विचारणारा माणूसच नसतो, टॉवरमध्ये विचारण्याआधीच अपॉइंटमेंट घेऊन झालेली असते.

आमच्या केंद्रात फिजिओथेरपिस्ट नाही, समुपदेशकही नाही. घाबरं होऊन, छाती धडधडते म्हणून येणाऱ्या, ईसीजी आणि थायरॉइड नॉर्मल असलेल्या तरुण मुलींना मी स्वतः थोडा वेळ देते, 14416 हा टेली-मानसचा नंबर लिहून देते आणि पंधरा दिवसांनी परत बोलावते. हे पुरेसं नाही. प्रत्येक नागरी केंद्रात आठवड्यातून दोन दिवस तरी समुपदेशक बसावा, ही मागणी मी बैठकीत मांडत आलेय आणि पुढेही मांडणार.

तर येताना जुना केसपेपर आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा, रिकामी असली तरी. सिस्टरनी विचारलं की दारू, तंबाखू, मध्येच सोडलेल्या गोळ्या, सगळं खरं सांगा, त्या रागावत नाहीत. आणि सगळं झाल्यावरही मला भेटावंसं वाटलं तर तसं सांगा. कारण विचारलं जाणार नाही. दार उघडंच असतं, फक्त आत कोणी असेल तर त्याचं होईपर्यंत बाकावर थांबावं लागेल.