कोरा ब्रश

सोलापुरात नवा टॉवेल कुणी थेट अंगाला लावत नाही. लावलाच तर तो पाणी टिपायचं सोडून अंगावरून नुसता फिरतो आणि जाता जाता चार धागे चिकटवून जातो. सूत मागावर चढण्याआधी ताण्याला खळ देतात. ती निघेपर्यंत कापड कोरं. चादरीचंही तेच. पहिल्या पाण्याला ती रंग सोडणार हे धरूनच ती वेगळ्या बादलीत भिजते, पाण्यात मूठभर मीठ पडतं. (मिठानं रंग बसतो की नुसतं समाधान होतं, हा वाद वेगळा.) कोरं म्हणजे काय हे घराघरात कळणारं हे गाव. पण हेच गाव नव्या पेठेतून किंवा गड्ड्याच्या जत्रेतल्या स्टॉलवरून दाढीचा ब्रश आणतं, खोकं फोडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच गालावर फिरवतं. मग फेस धरत नाही, ओठाला केस चिकटतात, नाकाशी गोठ्याचा वास घुटमळतो. ब्रश 'भिकार निघाला' म्हणून न्हाणीघराच्या खिडकीत जाऊन पडतो. बिचारा कोरा होता, एवढंच. 'न धुताच लावालास का बे?' असं टॉवेलाबद्दल विचारणारा शेजारी ब्रशाबद्दल विचारत नाही.

ब्रशाची रचना पाहिली की त्याचं कोरेपण कुठे दडलंय ते कळतं. केसांचा झुपका तळाशी चिकट्यानं एकत्र धरलेला असतो आणि तो मुठीच्या खळग्यात बसवलेला असतो. झुपक्याची जाडी बहुधा २० ते २६ मिलिमीटर, आणि मुठीबाहेर दिसणारे केस साधारण ५० मिलिमीटर. झुपका बांधताना काही आखूड केस चिकट्यापर्यंत पोचतच नाहीत. शेजाऱ्यांच्या गर्दीत दाटीवाटीनं नुसते उभे राहतात, लग्नाच्या पंगतीत बिनआमंत्रणाचे बसावेत तसे. पहिल्या पाण्याला तेच बाहेर पडतात. केसांत कारखान्यातली धूळ असते, चिकट्याचा वास असतो, आणि केस जनावराचे असतील तर त्या जनावराचाही.

म्हणून आधी केस कुणाचे ते पाहायचं. सिंथेटिक असतील तर फार काही करावं लागत नाही. एकदा साबणानं धुतला की झालं. बॅजरचे, म्हणजे आपल्याकडच्या चांदी अस्वलाच्या नात्यातल्या प्राण्याचे असतील, तर वास असतो पण लवकर जातो. खरी कसोटी खोक्यावर 'बोअर' लिहिलेल्या ब्रशाची. सोलापुरात बोअर म्हटलं की डोळ्यांपुढे अंगणातलं हापशाचं तोंड येतं, पण हा बोअर म्हणजे डुक्कर. ज्यांच्या घरात ते चालत नाही त्यांनी एवढं वाचून घ्यावं. दुकानदार आपण होऊन सांगत नाही. डुकराचा केस जाड, ताठ आणि वासाला सर्वांत चिवट. भिजला की ओल्या कुत्र्याच्या अंगाला येतो तसा वास येतो. तो आला म्हणजे ब्रश खराब असं नाही, केस खरा आहे इतकंच.

सुरुवात कोरड्यानं करावी. ब्रश उलटा धरून अंगठ्यानं केस मागेपुढे फटकारायचे आणि तळहातावर आठ-दहा वेळा झटकायचे. सुटे केस तिथेच गळतात. उरलेले पुढच्या दोन आठवड्यांत एकेक-दोनदोन करून जातात, त्याची काळजी नको. मात्र एकाच जागचा पुंजका निघून आला, तर चिकटा फसलाय असं समजून ब्रश दुकानात परत न्यावा. बाहेर डोकावणारा एखादा केस कात्रीनं कापू नये. केसाचं टोक निमुळतं असतं म्हणून ते मऊ लागतं. कापलं की खुंट उरतो आणि रोज गालाला टोचतो. असा केस चिमट्यानं ओढावा. सुटा असेल तर येईल, नाहीतर राहू द्यावा.

मग पाणी. पाणी कोमट हवं, हात सुखानं बुडेल इतकंच. इथे बहुतेकांची चूक होते: वास जावा म्हणून ब्रश उकळत्या पाण्यात घालतात. त्यानं वास जात नाही, चिकटा मात्र सैल होतो, केस ठिसूळ होतात आणि मूठ लाकडी असेल तर तडकते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीसुद्धा आधी हात घालून पाहावं. त्या दिवसांत नळाचं पाणी 'साधं' असतंच असं नाही. पेल्यात पाणी इतकं घ्यायचं की केसांचा वरचा दोन-तृतीयांश भाग बुडेल. मुठीचा सांधा पाण्याबाहेर राहिला पाहिजे. डुकराच्या केसाला १० ते १५ मिनिटं द्यावीत, बॅजरला ४-५ पुरतात. पाणी पिवळट किंवा करडं झालं तर घाबरू नये. काळे-पांढरे पट्टे असलेल्या स्वस्त ब्रशांना ते पट्टे रंगवून दिलेले असतात. नव्या चादरीनं रंग सोडावा तसा तोही सोडतो.

भिजल्यावर शांपू. अर्धी पुडी भरपूर झाली. कंडिशनर मिसळलेला शांपू मात्र नको. तो केसावर बसतो आणि पुढे फेस मारतो. ओल्या तळहातावर शांपू घेऊन ब्रश मिनिटभर गोल फिरवायचा, पण टोकांनी. तळहातावर दाबून, मुळापासून दुमडत चोळला तर केस मुळाशीच मोडतात आणि महिन्याभरात झुपक्याच्या मधोमध टक्कल पडतं. खळखळून धुवायचं, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. धुण्याची पावडर आणि सोडा इथे लांबच ठेवावेत. रेशीम आणि लोकर जशी जनावराची, तसेच हे केस. सुती कापडाला सोसतो तो सोडा यांना सोसत नाही. घरात रेशमी साडीसाठी रिठे असतील तर तेच उत्तम. चार-पाच रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं तासभर पाण्यात ठेवायची, कुस्करून गाळून घ्यायचं. रिठ्याला फेस येतो, पण तो साबण नव्हे, त्यामुळे जड पाण्यातही त्याचा साका बसत नाही.

हे जड पाण्याचं प्रकरण सोलापूरकराला वेगळं समजावायला नको. नळाला पाणी रोज येत नाही, मधले दिवस बोअरवर निघतात, आणि बोअरच्या पाण्यात साबण नुसता फुटतो. पाण्यातला चुना साबणातल्या मेदाम्लाला धरतो आणि न विरघळणारा पांढरा चिकट थर होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. तो केसांत बसला की ब्रश धुऊनही कोराच राहतो. बोअरच्या पाण्यानं धुणार असाल तर शेवटी पेलाभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालून दोन-तीन मिनिटं ब्रश हलवावा आणि साध्या पाण्यातून काढावा. आम्लानं तो थर सुटतो. खरं तर या सगळ्या धुण्याला दोन लिटरच्या वर पाणी लागत नाही. तेवढं नळाचं पाणी कळशीत राखून ठेवणं सर्वांत सोपं.

इतकं करूनही डुकराच्या ब्रशाचा वास पूर्ण जात नाही. त्यावर एकच रामबाण आहे, दाढीचाच साबण. ब्रश साबणाच्या गोळ्यावर अर्धा-पाऊण मिनिट फिरवून वाटीत घट्ट फेस करायचा, केसांच्या आतपर्यंत जिरवायचा आणि ब्रश तसाच, फेसासकट, रात्रभर उभा ठेवायचा. सकाळी धुवायचा. असं तीन-चार रात्री केलं की वास नाकाला शोधावा लागतो. घाईचे लोक जंतुनाशकात बुडवून मोकळे होतात. मग डुकराचा वास जातो आणि दवाखान्याचा येतो.

जंतूंची धास्ती अगदीच बिनबुडाची नाही, पण तिची जागा वेगळी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत दाढीच्या ब्रशातून काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, झालेली माणसं आढळली. ब्रशात बसवलेले घोड्याचे केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. ब्रिटननं १९१९ साली अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि १९२० साली जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. त्या काळातल्या ब्रशांच्या मुठीवर 'निर्जंतुक' असा शिक्का मारलेला असे, तो यापायी. त्या जंतूचे बीजाणू साबणालाही दाद देत नाहीत आणि गरम पाण्यालाही. ते काम केस झुपक्यात बांधण्यापूर्वी कारखान्यातच व्हावं लागतं. घरच्या धुण्यानं जातो तो मळ, वास आणि सुटे केस. बनवणाऱ्याचं नावगाव नसलेला जनावराच्या केसांचा ब्रश स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, ते म्हणूनच. पैसे कमी असतील तर सिंथेटिक घ्यावा.

वाळवताना ब्रश दोन-तीनदा जोरात झटकावा आणि टॉवेलवर अलगद इकडून तिकडे पुसावा. जुन्या टॉवेलवर, हे सांगायला नकोच. केस वर करून उभा ठेवायचा की खाली करून टांगायचा यावर लोक हिरीरीनं भांडतात. हवा लागली म्हणजे दोन्ही चालतं. खोक्यात किंवा प्लास्टिकच्या डबीत ओला बंद केला तर मात्र बुरशी ठरलेली. उन्हातही ठेवू नये. सोलापूरची कोरडी हवा सावलीतच एवढं काम करते की उन्हाळ्यात सकाळचा ब्रश दुपारच्या जेवणापर्यंत हाताला कोरडा लागतो.

डुकराचा केस मऊ व्हायला पंचवीस-तीस दाढ्या लागतात. वापरता वापरता त्याचं टोक उकलतं, एका टोकाची दोन-तीन होतात आणि तिथे पाणी धरायला लागतं. ते झालं का हे पाहायला आरसा नको. भिजवलेला ब्रश झटकून मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवायचा. पहिल्या आठवड्यात तिथे केरसुणी फिरल्यासारखं वाटतं.