माउथ ऑर्गनला अ‍ॅम्प कुठला? तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि यापुढे जो विचारेल त्याला हेच वाचायला पाठवणार आहे. "दादा, हार्पला अ‍ॅम्प कुठला घेऊ?" हार्प म्हणजे आपला माउथ ऑर्गन, अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. नागपूरच्या धरमपेठेत भाजी घेताना हे विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय. विचारणाऱ्याची तयारी असते, ते मी नाकारत नाही. पांढरी एकचा (सी पट्टीचा) दहा भोकांचा हार्प तो पांढरी पाचमध्ये (जी पट्टीत) वाजवतो, आत ओढलेले सूर वाकवतो, ओंजळीत मावणारा गोलसर बुलेट माइकही मागवून बसलेला असतो. आता फक्त अ‍ॅम्पचं नाव हवं. मी नाव सांगत नाही. मग 'हा भाव खातो' असं पाठीमागे बोललं जातं, तेही माझ्या कानावर आलंय.

आधी एक खुलासा. ज्यांना 'शोले'तल्या संध्याकाळच्या त्या धुनेसारखा आवाज हवा आहे, त्यांनी इथेच थांबावं. ती भानू गुप्तांनी वाजवली आहे, आणि त्या जातीच्या स्वच्छ, मोकळ्या आवाजाला अ‍ॅम्प लागतच नाही. हॉलच्या गाण्याच्या माइकसमोर उभे राहा, वीतभर अंतर ठेवा, पैसे वाचवा. मी बोलतोय ते शिकागोच्या ब्लूजमधल्या हार्पच्या आवाजाबद्दल. तिथे माइक आणि हार्प एकाच ओंजळीत गच्च धरतात आणि अ‍ॅम्पला इतकं रेटतात की सूर फाटून सॅक्सोफोनसारखा जाड होतो.

त्या आवाजाची चर्चा निघाली की कोणीतरी हमखास म्हणतं, मग 1959चा फेंडर कंपनीचा बासमन अ‍ॅम्पच हवा, शिकागोच्या लिटल वॉल्टरच्या हार्पचा आवाज त्याचाच. अरे बाबांनो, वॉल्टरचं 'ज्यूक' 1952 साली ध्वनिमुद्रित झालं. दहा इंची चार स्पीकरांचा तो बासमन तेव्हा जन्मलाही नव्हता. त्या काळी शिकागोतले हार्पवाले हाताला लागेल त्यावर वाजवायचे, त्यात सभांना वापरायचे तसले साधे पीए अ‍ॅम्पही होते. बासमन उत्तमच आहे. पण तो मूळचा बास गिटारसाठी केलेला, चाळीसेक वॅटचा धिप्पाड अ‍ॅम्प. शिवाय अमेरिकेतून जुना आणलात तर तो 110-120 व्होल्टचा असणार. आपल्या 230ला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल, आणि तिकडच्या विजेच्या 60 सायकलला बांधलेला त्याचा ट्रान्सफॉर्मर आपल्या 50वर जास्त तापेल. नागपूरच्या मे महिन्यात त्याला आणखी तापवायची हौस असेल तर जरूर आणा.

मी इतका चिडून का बोलतो, ते आता सांगतो. हे आजवर टाळत आलोय.

मित्राच्या बँडबरोबर सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. माझ्या वाट्याला दोन गाणी आणि त्यातलं एक लांब सोलो. भाड्याने आणलेला गिटारचा अ‍ॅम्प होता, शंभर वॅटचा, ट्रान्झिस्टरचा, कपाटाएवढा. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये हळू आवाजात वाजवून पाहिलं तेव्हा सगळं ठीक वाटलं. संध्याकाळी हॉल भरला, ड्रमरच्या अंगात आलं, मला माझंच ऐकू येईना. व्हॉल्यूमचं बटण जरासं पुढे सरकवलं आणि ओंजळ मिटली. कुई!

तुम्ही वाजवणारे असाल तर तो क्षण ओळखाल. ओंजळ उघडी ठेवली की शिट्टी बंद, पण आवाज पत्र्याच्या पिपाणीसारखा. ओंजळ मिटत आणली की सूर भरायला लागतो, जाड होतो, आणि अगदी हवा तिथे पोचतो न पोचतो तोच मागून शिट्टी निघते. मी अंगठ्याच्या बाजूने एक फट ठेवून पाहिली. अ‍ॅम्पकडे पाठ करून पाहिली, बाजूला सरकलो, स्टेजच्या पार कडेला गेलो. गिटारवाल्याने ट्रेबल खाली ओढला. काही उपयोग नाही. सबंध सोलो मी हात उघडे ठेवून वाजवला. वर्षभर घासलेल्या जागा, बेंड, जिभेचे ठोके, सगळं त्या किरट्या आवाजात निघून गेलं. पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या कशाच्या ते मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या रांगेत बाबा होते. वसंतराव देशपांडे ऐकत वाढलेला माणूस, ब्लूजशी काही देणंघेणं नाही, पण मुलाचा कार्यक्रम म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. पहिल्या शिट्टीला त्यांनी कानावर हात ठेवले, ते मला वरून दिसलं. नंतर हात खाली घेतले, मला वाईट वाटू नये म्हणून असेल. परत येताना स्कूटरवर मागे बसून शंकरनगर चौकापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "घरी तर बरा वाजवतोस."

त्यानंतर कित्येक महिने मी घरीही वाजवलं नाही.

मार्ग दाखवला इतवारीतल्या एका रेडिओ मेकॅनिकने. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे जुने रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. मी गेलो होतो माइकची वायर जोडून घ्यायला. त्यांनी बुलेट माइक हातात फिरवून पाहिला, मी काय करतो ते विचारलं आणि हसले. "भाऊ, हे तर माइकचं काम आहे न. गिटारच्या डब्यात काहून टाकून राह्यले?" मग टेबलावर पेन्सिलीने रेघा मारत समजावलं. गिटारचा पिकअप फक्त लोखंडी तार ऐकतो. माइक हवा ऐकतो, म्हणजे समोरचा स्पीकरही ऐकतो. गिटारचा अ‍ॅम्प तारेचा बारीक सिग्नल फुगवायला बांधलेला असतो, त्याला तोंडाजवळचा तापट माइक दिला की तो स्वतःचाच आवाज परत परत गिळणार. म्हणजे वॅटची भानगड नंतरची, पहिल्या पायरीला सिग्नल किती फुगतो ती आधीची.

त्यांच्याकडे मांडवात वापरायचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प पडून होता. शेवटच्या पायरीला दोन 6व्ही6 व्हॉल्व्ह, म्हणजे बारा-एक वॅट. एक हात पँटच्या खिशात घालून ते आत काम करत. आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि वायर काढली तरी कपॅसिटर भरलेले राहतात, म्हणून दोन्ही हात आत घालायचे नाहीत. (तुम्ही तर एकही घालू नका.) पहिल्या जागी ईसीसी83 व्हॉल्व्ह होता, ज्याला अमेरिकन लोक 12एएक्स7 म्हणतात. त्याचा वाढवण्याचा गुणांक शंभर. त्यांनी तो उपटून ईसीसी82 बसवला, त्याचा वीसच्या आसपास. जागा तीच, पिना त्याच. मी ओंजळ मिटली. बटण पुढे सरकवत गेलो, अर्ध्याच्या पलीकडे गेलो, आणि शिट्टीच्या ऐवजी तो फाटका, जाड सूर आला. शेजारचा मसालेवाला बघायला बाहेर आला.

यात जादू काही नाही. 1959च्या बासमनमध्येसुद्धा पहिल्या जागी 12एवाय7 होता, त्याचा गुणांक साधारण चव्वेचाळीस. हार्पवाल्यांना तो अ‍ॅम्प आवडतो त्यातलं एक कारण तिथे आहे. दुसरं म्हणजे येणारी वीज एकाच दिशेची करणारा रेक्टिफायर, तोही व्हॉल्व्हचाच. जोरात फुंकर बसली की वीज क्षणभर दबते, सूर आधी चेपतो आणि मग फुलतो. ते मला कानापेक्षा ओठांना जास्त जाणवतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगितलंस की उत्तर. व्हॉल्व्हचा लहान अ‍ॅम्प, पहिला व्हॉल्व्ह थंड डोक्याचा, झालं. मीही मध्यंतरी असंच छातीठोकपणे सांगत फिरायचो. त्याच्या आधी 'सगळं हातात असतं, अ‍ॅम्प कुठलाही चालतो' असं सांगायचो. मग त्या शंभर वॅटच्या कपाटावर खापर कशाला फोडतोस, असं तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं. आणि तो उलट विचारेल, की तुझा बारा वॅटचा लाडका डबा ड्रमरसमोर ऐकू तरी येतो का? नाही येत. खरंच नाही येत. मग त्याच्यापुढे हॉलचा माइक लावा, तो हॉलच्या स्पीकरमधून बाहेर काढा, आणि स्टेजवरच्या मॉनिटरमधून तीच शिट्टी नव्याने सुरू. मोठा अ‍ॅम्प घ्यावा असं मला दर थंडीत, कार्यक्रमांचे दिवस आले की वाटतं. घेतलेला नाही. घेणार नाही असंही म्हणत नाही.

क्रिस्टलचा माइक घेऊ का, हाही प्रश्न येतो. घ्या, पण त्यातलं रोशेल मिठाचं स्फटिक उष्णताही सोसत नाही आणि दमट हवाही. आपल्याकडे मेमध्ये एक आहे, जुलैमध्ये दुसरी.

परवा मानेवाड्याचा एक मुलगा आला. फेंडरचा जुना ब्लूज ज्युनिअर अ‍ॅम्प घेतलाय, पंधरा वॅटचा, आणि शिट्टी मारतो म्हणून विकायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. बेस वाढव, ट्रेबल पाड, अ‍ॅम्प पाठीमागे नको, बाजूला ठेव, आणि पहिल्या जागी 12एवाय7 लावून बघ, म्हटलं. तो म्हणाला, "नागपुरात कुठे भेटते तो?"

मी म्हटलं, भेटला तर दोन घेऊन ये, एकाचे पैसे मी देतो.